नळीतला उजेड

दसरा. करोनाची बंधनं उठल्यावर गावाने मोकळेपणी केलेला पहिला. वेळ, दुपार कलल्यावरची. जागा, वेशीवरचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं माळ. तिथून खाली कातळ आणि पुढे नुसता समुद्र. हजर: मी, बंदुकीसह. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळी वाडी काका म्हणते. माझी थोरली जाऊ. गावकर, म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान असलेले गृहस्थ. पलीकडच्या घरचे भावजी, त्यांच्या बंदुकीसह. पोलीस पाटील, परवानगीचा कागद खिशात घेऊन. देवाची दोन तरंगं, ढोलवाले आणि चालू शकणारा बाकी सगळा गाव. गैरहजर: माझा नवरा, तो जहाजावर होता. आणि माझे सासरे, जे बंधनांच्या काळातच गेले.

हजेरी लिहून ठेवते, कारण आमच्या गावात अशा दिवसानंतर जे मुंबईत होते तेही सांगतात की आम्ही तिथेच उभे होतो.

तरंग म्हणजे उंच काठीला लुगडी नेसवून उभा केलेला देव. दसऱ्याला तरंगं देवळातून निघतात, वेशीवरच्या दगडाला भेटतात आणि मग सोनं लुटलं जातं. तरंग त्या दगडाला टेकण्याआधी समुद्राकडे नळी करून एक बार काढायचा, ही आमच्या गावची रीत. आणि तो बार काढण्याचा मान आमच्या घराचा. बार वाजला नाही तर मान पलीकडच्या घराकडे जातो. तसं कधी झालं नव्हतं. दर दसऱ्याला पलीकडच्या घरचा माणूस आपली बंदूक घेऊन शेजारी उभा राहायचा आणि दर दसऱ्याला न वाजवता घरी न्यायचा. त्या घरच्या तीन पिढ्या नुसत्या उभ्या राहिल्या, असं आमचे सासरे हसून सांगायचे.

बंदूक साधी आहे. बारा बोअरची एकनळी, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. आमची आंब्याची कलमं सड्याच्या उतारावर आहेत, खाली काजू. केल्डी, म्हणजे माकडं, आणि डुकरं यांच्यापासून बाग राखायची तर अधूनमधून हवेत बार काढावाच लागतो. सासरे गेल्यावर परवाना कोणाच्या नावावर करायचा, हा प्रश्न आला. नवरा वर्षातला बराच काळ पाण्यावर. जाऊबाईंना बंदुकीच्या वासानेच शिंका येतात. बाग मी बघते. तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या घेतल्या, ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत खेपा घातल्या आणि परवाना माझ्या नावावर केला. बाईच्या नावावर बंदूक, याची गावाने थोडी मजा घेतली. निवडणुकीच्या आधी सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हा रांगेत मी एकटीच बाई. कोणी विचारलं, "वयनी, घोवाची जमा करूक इलंस?" मी म्हटलं, घोव बोटीवर जमा आसा, ही माझी. मग रांग हसली आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं नाही.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. कॉलेजात मी एनसीसीत होते आणि आमच्या उस्तादांनी आम्हाला पॉइंट टू टूची रायफल शिकवली. एकदा फायरिंग रेंजवर माझ्या शेजारच्या मुलीच्या रायफलचा आवाज जरा हलका आला. तिला कळलंही नाही, ती पुढची गोळी भरायला लागली होती. उस्तादांनी सगळी रांग थांबवली. रायफल हातात घेऊन थोडा वेळ ती समोर रोखूनच धरली, मग उघडली आणि आम्हाला एकेकीला नळीतून बघायला लावलं. उजेड दिसत नव्हता. गोळी मध्येच अडकली होती. दुसरी गोळी मागून गेली असती तर तिला बाहेर पडायला वाट नव्हती आणि मागचा सगळा जोर नळी फाडून बाजूने निघाला असता. उस्तादांच्या खोलीत एक जुनी, अशीच फुटलेली रायफल होती. तिची नळी केळफुलासारखी उलगडली होती आणि लाकडाचा पुढचा भाग नव्हताच. तिथे कोणाचा तरी डावा हात होता, एवढंच ते म्हणाले. दुसरी एक नळी फुटली नव्हती, पण मध्येच बांगडी चढवल्यासारखी फुगली होती. तिच्यावरून त्यांनी आमची बोटं फिरवली. पुढे संसारात, बागेत, आंब्याच्या पेट्यांत पुष्कळ शिकलेलं विसरले, पण ती बांगडी बोटांना आठवत राहिली.

आता काकांच्या काडतुसांबद्दल.

देवापुढे शिसं उडवायचं नाही, अशी आमच्या घरातली समजूत. म्हणून मानाचं काडतूस विकतचं घेऊन घरी उघडायचं, त्यातले छर्रे काढून टाकायचे आणि तोंड मधाच्या पोळ्याच्या मेणाने बंद करायचं. हे काम काकांचं. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. श्रावण सरला की काका ओटीवर बसायचे, मेण वितळवायचे आणि त्या वेळी कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही. नवी सून घरात आली की तिला इतर गोष्टींबरोबर हेही सांगितलं जायचं. तयार काडतुसं एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात आणि डबा काकांच्या माळ्यावर, खाली चूल, शेजारी सुंगटं, म्हणजे सुकी कोलंबी, आणि आमसुलाची सोलं. पावसाळ्यात पुठ्ठा सर्दावतो म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात काका काडतुसं सुपात वाळत घालायचे. सूप ओटीच्या पायरीवर, त्याच्या एका बाजूला जाऊबाईंचं सुपारीचं वाळवण. मी लग्न होऊन आले तेव्हा ते बघून एकदा म्हणाले होते की काडतूस उन्हात ठेवणं बरं नाही. काका म्हणाले, छर्रे खंय आसत त्यात. छर्रे नाहीत म्हणजे धोका नाही, हे सगळ्या गावाचं मत होतं, आणि इतकी वर्षं बार वाजत आला होता, त्यामुळे मी पुन्हा बोलले नाही.

पण त्या वर्षीची काडतुसं वेगळी होती. काकांनी ती बंधनं लागली त्या वर्षीच्या दसऱ्यासाठी तयार केली होती. तो दसरा देवळाच्या आतच झाला, पुढचाही. त्यामुळे मेण लावलेली काडतुसं माळ्यावरच राहिली. दोन पावसाळ्यांची ओल, चुलीची धग, खाऱ्या हवेचा पितळेवर आलेला हिरवट थर. काकांनी थर चिंचेने घासून काढला आणि काडतूस माझ्या हातात दिलं तेव्हा ते नव्यासारखं चमकत होतं. भावाने इतकी वर्षं जो बार काढला तो आता त्याच्या सुनेच्या हातून निघणार, म्हणून त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. मला म्हणाले, "माझ्या हातचां काडतूस कधी फसूक नाय." मी नमस्कार केला.

तरंगं सड्यावर आली. ढोल टिपेला. दसऱ्याला आमच्याकडे होड्यांची पूजा असते, त्यामुळे समुद्र रिकामा होता. तरी मी आधी कड्यावर जाऊन खाली कातळावर कोणी गरी टाकून बसलेलं नाही ना, ते बघून आले. मग जागेवर उभी राहिले, नळी समुद्राकडे केली आणि गावकरांनी हात वर केल्यावर चाप ओढला.

आवाज आला तो एखाद्याने रिकाम्या पिपावर लाथ मारावी तसा. नळीच्या तोंडातून थोडा धूर आळसावून बाहेर आला.

ढोल थांबला. मागून कोणीतरी विचारलं, बार झालो काय नाय. दुसरा म्हणाला, "झालो, पण लाजलो." हशा पिकला. तिसरा म्हणाला की बाईमाणसाचा बार तो, घरातल्या घरात ऐकू येईल इतकाच. मी वळले नाही, कारण नळी अजून समोर रोखलेली होती आणि ती तशीच ठेवायची होती.

तरंगं चालतच होती. दगड आता फार लांब नव्हता. हलका बार हा बार धरत नाहीत, पण तरंग टेकायच्या आत दुसरा काढला तर तो चालतो. एवढी सवलत रीतीतच आहे आणि सगळ्या गावाला ती माहीत आहे. म्हणून सगळे एकदम ओरडायला लागले, दुसरं भर, लवकर भर. जाऊबाई ओरडत होत्या. पोलीस पाटीलही ओरडत होते, जे एरवी आमच्याकडे परवाना बघायला आले की कुजबुजतात.

आणि तेव्हा पलीकडच्या घरचे भावजी पुढे आले. त्यांच्या हातात स्वतःचं काडतूस होतं, दुकानातून आणलेलं, नवंकोरं, छऱ्यांसकट. मी न वाजवता उभी राहिले असते तर मान आपोआप त्यांच्या घराला मिळत होता. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. ते म्हणाले, "वयनी, ह्यां घे. भरलेलां आसा. ह्यां वाजतलांच."

आज चार वर्षांनीही मला त्या माणसाचा अभिमान वाटतो. तीन पिढ्या ज्या मानासाठी उभ्या राहिल्या तो समोर चालून आलेला असताना त्यांनी शेजाऱ्याची लाज राखायला हात पुढे केला. आणि ते काडतूस मी घातलं असतं, तर त्याच हाताने त्यांनी मला मारलं असतं.

मी मान हलवली. एका हाताने त्यांना मागे सारलं, जरा जोरातच. गावाला तो अपमान वाटला. काका जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय गो, थांबलंस कित्याक?"

मी त्यांना म्हटलं, आवाज हलका होता, थोडं थांबायचं. कधी कधी दारू आत धुमसत असते आणि उशिरा पेटते. तरंगं जवळ येत होती. माझं लक्ष तरंगांकडे जात होतं हे मी नाकारत नाही. सासऱ्यांचा चेहरा, नवऱ्याला फोनवर काय सांगायचं, पुढच्या प्रत्येक दसऱ्याला भावजींच्या शेजारी रिकामी बंदूक घेऊन उभं राहणं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात होतं. पण बोटं बंदुकीच्या लाकडी कुंद्यावर होती आणि त्या बोटांना बांगडी आठवत होती.

पुरेसा वेळ झाल्यावर मी बंदूक मधून मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली. काडतुसाचं कवच बाहेर काढलं. पुठ्ठा अर्धा ओला होता आणि न जळलेली दारू काळ्या रव्यासारखी त्याला चिकटली होती. नळी आभाळाकडे केली आणि मागच्या तोंडाला डोळा लावला.

काळोख.

मी बंदूक काकांपुढे धरली. म्हटलं, "काका, नळयेत उजेड दिसणा नाय."

त्यांनी डोळा लावला. त्यांची दृष्टी अधू झालेली आहे, तरी आभाळ दिसतं की नाही एवढं त्यांना कळतं. त्यांनी दुसरा डोळा लावला. मग बंदूक भावजींकडे दिली. भावजींनी बघितलं आणि आपल्या हातातलं भरलेलं काडतूस खिशात टाकलं. त्यांचा हात खिशातच राहिला.

काका वळले, तरंगांच्या पुढ्यात गेले आणि दोन्ही हात आडवे केले. तरंगं थांबली. ढोलवाले, गावकर, सगळे गोंधळले. कोणीतरी म्हणालं की वेळ टळते आहे. काका त्याला म्हणाले, "देव थांबलो आसा. तुका खंयची घाई?" मग गावाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बार माझो फसलो. सून चुकूक नाय."

एवढंच. मी कित्येक गोष्टी लिहून ठेवते, पण हे वाक्य मला लिहून ठेवावं लागलं नाही.

जाऊबाई तोवर घरी जाऊन बंदूक साफ करायची सळी घेऊन आल्या होत्या. पदर खोचून त्या ज्या वेगाने उतार उतरल्या आणि चढल्या, त्याची चर्चा गावात फसलेल्या बारापेक्षा जास्त दिवस चालली. मी तोंडाकडून सळी घातली आणि दाबली. आधी हलेना. मग एकदम सुटलं आणि मागून एक गोळा खाली पडला. काडतुसातला लोकरीचा बोळा, त्यावर मेण, सगळं ओलं होऊन एकजीव झालेलं. छर्रे काढल्यामुळे दारूला ढकलायला वजन उरलं नव्हतं; ती आधीच सर्दावलेली, तेवढ्या हलक्या बोळ्यावर नीट पेटलीच नाही, आणि बोळा नळीच्या मध्यात जाऊन मेणाने चिकटून बसला. त्यामागून भावजींचं भरलेलं काडतूस गेलं असतं, तर नळी माझ्या डाव्या हाताशी फाटली असती. आजूबाजूला वाडीतली माणसं उभी होती.

गोळा मी तळहातावर घेऊन दाखवला. मघाशी बार लाजलो म्हणणारा सगळ्यात पुढे येऊन बघत होता. नळी वरून चाचपली, बांगडी नव्हती. आतून उजेड दिसला, गोल आणि स्वच्छ. पण घालायला माझ्याकडे काकांच्या डब्यातलीच काडतुसं होती आणि ती मी घालणार नव्हते. भावजींचं छऱ्यांचं होतं, आणि देवापुढे शिसं आमच्या घराने कधी उडवलं नव्हतं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, झालां. त्यांनी गावकरांना सांगितलं की मान पलीकडच्या घराला द्या.

भावजींनी खांद्यावरची बंदूक काढली. वेशीपाशी गेले. आणि नेम धरण्याआधी ती मधून मोडून माझ्यापुढे धरली. "वयनी, तू बघ आधी."

मी बघितलं. उजेड होता. मग मी काडतूस मागितलं, त्यावर बोअरचा आकडा बघितला, पुठ्ठा दाबून बघितला, पुन्हा एकदा कड्यावरून खाली नजर टाकली आणि मागे सरले. त्यांचा बार असा वाजला की देवळावरची कबुतरं उडाली. तरंगं दगडाला टेकली. सोनं लुटलं. काकांनी सगळ्यात आधी सोनं भावजींना दिलं.

मान त्यांच्याकडे गेला तो गेलाच. परत मागायची रीत नाही आणि आम्ही मागितलाही नाही. पण दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला, म्हणजे शस्त्रांच्या पूजेच्या दिवशी, भावजी स्वतःची बंदूक घेऊन माझ्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात आले. पूजेआधी बघून दे म्हणाले. त्यांचं बघून त्यांचे शेजारी आले. त्याच्या पुढच्या वर्षी मी देवळाच्या पटांगणात टेबल मांडलं. आता गावातली प्रत्येक परवान्याची बंदूक त्या दिवशी तिथे उघडली जाते आणि उजेड दिसल्याशिवाय तिला गंध लागत नाही. पुजारी आधी माझ्याकडे बघतात, मी मान हलवली की फूल वाहतात. एका बंदुकीच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं सापडलं. एक बाई दोन वेगवेगळ्या बोअरची काडतुसं एकाच पिशवीत घेऊन आल्या. बारीक काडतूस मोठ्या नळीत पुढे घरंगळून दिसेनासं होतं आणि मागून दुसरं भरलं जातं, हे मी त्यांना लाकडाच्या दांड्याने करून दाखवलं. त्यांनी मला नारळ दिला. गेल्या वर्षी कुणकेश्वराकडच्या एका वाडीतून माणसं बघायला आली होती, त्यांनाही टेबल मांडायचं आहे. नवऱ्याने जहाजावरून नळीत बघायची छोटी विजेरी आणून दिली. परदेशात मिळणारी दुसरी कुठलीही वस्तू त्याने मला इतकी बिनचूक आणलेली नाही.

काका त्या टेबलापाशी खुर्ची टाकून बसतात. काडतूस ओलं आहे की नाही हे त्यांना नुसत्या बोटांनी कळतं आणि ते नाही म्हणाले की मी ते बाजूला ठेवते. ज्यांच्या हातचं काडतूस फसलं ते हे, असं कोणी म्हणत नाही. माझ्या देखत तरी नाही.

राहिला तो त्यांचा डबा. जुनी काडतुसं जाळायची नाहीत, पुरायची नाहीत, समुद्रात टाकायची नाहीत. ठाण्यात नेऊन द्यायची, हे मी विचारून आलेय. डबा मी माळ्यावरून उतरवला, चुलीपासून दूर नेला, सावलीत, कुलपात ठेवला. अर्ज तयार आहे, काकांची सहीही झाली आहे. पण डबा दुसऱ्या कोणी नेलेला त्यांना चालत नाही. "डबो मीच नेतलंय," म्हणतात. माझ्या स्कूटरवर डबा मांडीवर घेऊन बसायला मी त्यांना देणार नाही. एसटीच्या गर्दीत न्यायचा प्रश्नच नाही. रिक्षा ठरवली होती, धुतलेला सदरा घालून काका खळ्यात उभे होते, डब्यात काय आहे ते मी सांगितलं आणि रिक्षावाला रिकामी रिक्षा वळवून निघून गेला.

येत्या सोमवारी दुसऱ्या रिक्षावाल्याला विचारायचं आहे. त्यालाही आधी सांगूनच.